टाइलचा बाहेरचा कोपरा: कापलेली कड सफाईने कशी बसवायची

आईच्या बाथरूममध्ये पाण्याचे उभे पाइप झाकायला विटांचा बॉक्स बांधला होता. त्याच्या कोपऱ्यावर मिस्त्रींनी दोन्ही अंगांच्या टाइल मागून तिरक्या घासून एकमेकींना भिडवल्या. काम देखणं झालं होतं, सांधा केसाएवढा. पंधरा दिवसांत आईच्या दंडावर लांब ओरखडा उठला. टॉवेल घ्यायला ती वळायची आणि दंड त्या कोपऱ्याला घासायचा. मी बोट फिरवून पाहिलं, तर कड सुरीसारखी होती. कमरेच्या उंचीला दोन ठिकाणी टवकेही उडाले होते आणि आतून टाइलचं तांबूस अंग डोकावत होतं.

घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करणं हा माझा रोजचा उद्योग आहे. तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेलो की मी आधी बाहेरचे कोपरे पाहतो. भिंत आत वळते तिथे, म्हणजे आतल्या कोपऱ्यात, एक टाइल दुसरीच्या मागे जाते आणि कापलेली कड आपोआप झाकली जाते. भिंत बाहेर वळते तिथे मात्र झाकायला काही नसतं. पाइपांचा बॉक्स, खिडकीच्या बाजू, खांब, कमोडमागचा कट्टा, शाम्पू ठेवायचा कोनाडा या सगळ्या जागी टाइलची जाडी उघडी पडते. तिथे काय करायचं हे टाइल आणण्याआधीच ठरवावं लागतं. ग्राइंडर हातात घेतल्यावर ठरवलेला कोपरा नीट झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

आधी टाइल उलटी करून बघा

दुकानात आपण टाइलचा चेहरा बघतो. कोपऱ्यासाठी तिची कड बघायला हवी.

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला वर काचेसारखा पातळ थर असतो आणि खाली मऊ, पाणी शोषणारं मातकट किंवा पांढरट अंग असतं. अंगावर पाण्याचा थेंब टाका, बघता बघता जिरतो. ही टाइल तिरकी घासली तर चकाकीच्या थराला खालून आधार उरत नाही आणि कड लवकर फुटते. सिरॅमिकचा कोपरा घासून जोडू नये, त्याला पट्टी लावावी, असं माझं ठाम मत आहे. आईकडे नेमकी हीच चूक झाली होती.

व्हिट्रिफाइड टाइल घट्ट असते, पाणी जवळजवळ शोषत नाही (अर्ध्या टक्क्याच्या आत) आणि घासणं सोसते. तिच्यातही प्रकार आहेत. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड म्हणजे जीव्हीटीमध्ये नक्षी फक्त वरच्या थरात असते आणि अंग वेगळ्या रंगाचं असतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. फुल बॉडीमध्ये रंग आरपार असतो. फुल बॉडी असेल तर कोपऱ्याचं काम निम्मं सोपं होतं, कारण कड उघडी राहिली तरी वेगळी दिसत नाही. नुसती कड गुळगुळीत करून किंचित गोल केली की पुरतं.

अनेकांची समजूत असते की कारखान्यातून आलेली कड ‘तयार’ असते. ती सरळ असते, एवढंच. आजच्या मोठ्या टाइलच्या कडा कारखान्यातच घासून काटेकोर मापात आणलेल्या असतात, पण त्यांच्यावर चकाकी नसते. पूर्वीच्या सहा बाय सहा इंची पांढऱ्या टाइलबरोबर एका बाजूने गोलावलेले, कडेपर्यंत चकाकी असलेले तुकडे मिळायचे. जुन्या स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर ते अजून शाबूत दिसतात. तसे तुकडे आता सहसा मिळत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप.

चार वाटा, आणि कुठली कधी

पहिली वाट पट्टीची. साइटवर हिला बीडिंग किंवा कॉर्नर पट्टी म्हणतात. ॲल्युमिनियम, स्टील किंवा पीव्हीसीची असते, चौकोनी तोंडाची किंवा पाव गोलाची. जिथे माणसांची ये-जा आहे, मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत, टाइल सिरॅमिक आहे किंवा कारिगराच्या हाताची खात्री नाही, तिथे पट्टीच लावा.

दुसरी वाट घासून जोडण्याची. साइटवर ‘फोर्टी-फाइव्ह मारणं’ म्हणतात ते हेच. चांगल्या हातून झालं तर याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही, नक्षी कोपऱ्यावरून अखंड वळते. पण त्याला जाड व्हिट्रिफाइड टाइल, सरळ भिंत आणि वेळ लागतो.

तिसरी वाट आपल्याकडची जुनी आणि खात्रीची आहे: ग्रॅनाइटची पट्टी. खिडकीच्या बाजूंना आणि बाथरूमच्या दाराच्या चौकटीला ती आपण वर्षानुवर्षं लावत आलोच आहोत.

चौथी वाट म्हणजे एक टाइल दुसरीवर सरळ चढवून कड उघडी ठेवणं. ही फक्त फुल बॉडी टाइलला किंवा नजरेआड असलेल्या जागी चालते. तेव्हा समोरून दिसणारी टाइल वर घ्या आणि कड बाजूला वळवा, म्हणजे दारातून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. आडव्या कट्ट्यावर मात्र नियम वेगळा. वरची आडवी टाइल उभ्या टाइलच्या डोक्यावर बसली पाहिजे. उलट केलं तर कट्ट्यावरचं पाणी थेट सांध्यात उतरतं.

भिंत ओळंब्यात आहे का

टाइल लावण्याआधी प्लास्टरच्या कोपऱ्यावर तीन गोष्टी तपासा. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) खाली सोडून कोपरा उभा सरळ आहे का ते पाहा. मग वर, मध्ये आणि खाली गुण्या लावून दोन्ही अंगं काटकोनात आहेत का ते पाहा. शेवटी एक सरळ ॲल्युमिनियमची ट्यूब उभी लावून मध्ये पोट आहे का ते पाहा. सात फुटांत एक सुतापर्यंत म्हणजे साधारण तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर तो टाइलखालच्या मसाल्यात, म्हणजे टाइल चिकटवायच्या सिमेंटमध्ये किंवा ॲडहेसिव्हमध्ये, जिरवता येतो. त्याहून जास्त असेल तर प्लास्टर दुरुस्त करून घ्या. ‘टाइलमध्ये काढून घेतो’ असं सांगितलं जातं, आणि मग वर पाच मिलिमीटर, खाली पंधरा मिलिमीटर मसाला भरलेला कोपरा तयार होतो. घासलेल्या सांध्यात तो फरक पाचरीसारखा उघडा दिसतो.

जुन्या, रंग लावलेल्या भिंतीवर काम असेल तर रंग खरवडून टाचे (छिन्नीचे खड्डे) मारून घ्या. कोपऱ्यापासून हातभर अंतरात ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तेवढं प्लास्टर काढा. कोपऱ्याला धक्के बसतात आणि पोकळ प्लास्टर सगळ्यात आधी तिथेच सुटतं.

आखणी: पूर्ण टाइल बाहेर, तुकडा आत

हे एक पाऊल नीट पडलं तर पुढची अर्धी कटकट टळते. टाइलची सुरुवात बाहेरच्या कोपऱ्यापासून करा आणि भिंतीच्या आतल्या कोपऱ्याकडे जा. म्हणजे कारखान्याची सरळ कड बाहेर येते आणि हाताने कापलेली कड आत झाकली जाते. बरेच कारागीर सवयीने दाराजवळून किंवा आतल्या कोपऱ्यातून सुरू करतात आणि बाहेरच्या कोपऱ्यावर चार इंचांचा तुकडा उरतो. त्या तुकड्याची कड कापलेली, आणि वर नक्षी तुटलेली.

खांबासारख्या जागी दोन्ही बाजूंना बाहेरचे कोपरे असतात. तिथे कापणं टळत नाही. एक अखंड टाइल पुरत असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी कापा, म्हणजे नक्षी मध्यावर राहते. दोन तुकडे लागत असतील तर सांधा मध्यावर घ्या, कारखान्याच्या कडा बाहेर ठेवा. खिडकीच्या बाजूला खोली चार-सहा इंचच असते. तिथे सरळ कड कोपऱ्याकडे आणि कापलेली कड खिडकीच्या फ्रेमकडे ठेवा. फ्रेमजवळचा सांधा सिलिकॉनने भरायचा असतो, त्यात ती झाकली जाते.

आता मापाचा भाग. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. टाइल घासून जोडायची असेल तर ती प्लास्टरच्या कोपऱ्यापाशी थांबत नाही, पुढे निघते. किती पुढे? शेजारच्या अंगावरच्या टाइलची जाडी अधिक तिच्यामागच्या मसाल्याची जाडी. समजा टाइल ९ मिलिमीटर आणि दातेरी थापीने लावलेलं ॲडहेसिव्ह दाबल्यावर ४ मिलिमीटर उरतं. म्हणजे प्रत्येक बाहेरच्या कोपऱ्यावर १३ मिलिमीटर वाढवायचे. प्लास्टर ते प्लास्टर ३०० मिलिमीटर रुंद खांब असेल तर समोरच्या टाइलचा दर्शनी भाग ३००, अधिक १३, अधिक १३, म्हणजे ३२६. दोन्ही कोपऱ्यांवर एक-एक मिलिमीटरचा सांधा ठेवायचा, त्याचा अर्धा-अर्धा हिस्सा या टाइलमधून जातो. कापायचं माप ३२५. हे गणित कागदावर करा आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

पट्टी असेल तर पट्टीच्या तोंडाची रुंदी आणि सांध्याचा एक-दीड मिलिमीटर टाइलमधून वजा होतो.

पट्टी लावायची पद्धत

पट्टीचं माप टाइलच्या जाडीवरून ठरतं. पट्टीचा एक पाय टाइलखाली जातो, त्यावर ॲडहेसिव्हचा पातळ थर आणि मग टाइल. म्हणून ९ मिलिमीटरच्या टाइलला १० ची पट्टी घ्या. बाजारात ८, १० आणि १२ ही मापं सहज मिळतात. दुकानात टाइलचा तुकडा घेऊन जा आणि पट्टीत बसवून पाहा, डब्यावर छापलेल्या जाडीवर विसंबू नका. पट्टी आणि टाइल समपातळीत यायला हवी. भिंतीवर पट्टी अर्धा मिलिमीटर वर राहिली तर एकवेळ चालेल. ती खाली गेली तर टाइलची उघडी कड दिसते आणि पट्टी लावल्याचा उपयोगच जातो.

कोपऱ्याची पूर्ण उंची एकाच अखंड पट्टीत घ्या. आठ फुटी पट्टी मिळते, बाथरूमच्या भिंतीला ती पुरते. मध्ये जोड आला तर तो कायम दिसतो. कापायला हॅक्सॉला बारीक दात्यांचं पातं लावा, पट्टी लाकडावर दाबून धरा आणि कापल्यावर कानशीने बुरा काढा. पट्टीवरचं संरक्षक प्लास्टिक तसंच राहू द्या.

कोपऱ्याच्या एका अंगावर, साधारण दोन इंच रुंदीत, ॲडहेसिव्ह थापा. पट्टीचा भोकं पाडलेला पाय त्यात दाबा, भोकांतून मसाला वर आला पाहिजे. पायावरून पुन्हा थापी फिरवा. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून पट्टी उभी सरळ करा. ही सरळ रेष पुढच्या सगळ्या टाइलची दोरी आहे, म्हणून इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. नंतर टाइल बसवा. तिची कड पट्टीला टेकवू नका, एक-दीड मिलिमीटर फट ठेवा, ती पुढे ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याने, भरायची आहे. दुसऱ्या अंगाची टाइल पट्टीच्या दुसऱ्या कडेला तशीच फट ठेवून लावा. पट्टीच्या पोटात पोकळी राहू नये, लहान करणीने मसाला दाबून भरा. नाहीतर बादलीचा धक्का बसला की पट्टी चेपते.

कट्ट्यावर किंवा कोनाड्यात तीन कडा एका बिंदूत मिळतात. तिथे तयार कोपरा-टोपी मिळत असेल तर घ्या. नसेल तर पट्ट्या ४५ अंशांत कापून भिडवा, पण आधी टाकाऊ तुकड्यांवर करून बघा.

धातूबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, त्याने ॲल्युमिनियमवर डाग पडतात. मसाला सांडला की लगेच ओल्या फडक्याने पुसा. आणि काम संपल्यावर बाथरूम ॲसिडने धुवायची आपल्याकडची पद्धत पट्टीचा जीव घेते. ॲल्युमिनियम काळवंडतं, स्टीललाही बारीक खड्डे पडतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला लोक नंतरही महिन्या-महिन्याने ॲसिड वापरतात. ते थांबणार नसेल तर सरळ पीव्हीसीची पट्टी लावा. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत, विशेषतः बाल्कनीत, साधी स्टीलची पट्टीही गंजाचे ठिपके धरते. तिथे ३१६ दर्जाचं स्टील किंवा पीव्हीसी घ्यावं.

घासून जोडायचं असेल तर

आधी जिवाची काळजी. टाइल कोरडी घासताना उडणारी धूळ पिठासारखी दिसते, पण तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. रुमाल बांधून ती अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, डोळ्यांवर चष्मा लागतो. तुम्ही घरमालक असाल तर दोन मास्क स्वतः आणून कारिगराच्या हातात द्या. बंद बाथरूममध्ये घासू देऊ नका, गच्चीत किंवा मोकळ्या जागेत करायला सांगा. शक्य असेल तिथे पाण्याची नळी जोडता येणारा मार्बल कटर वापरा. धूळ बसते आणि पातंही गार राहतं. पाणी आणि वीज एकत्र आली की ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच) जोडणी घ्या. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं धोक्याचं आहे. ग्राइंडरचं कव्हर काढलेलं असेल तर काम थांबवा.

पातं अखंड कडेचं, हिऱ्याचं हवं. खाचा असलेलं पातं काँक्रीटसाठी असतं, ते चकाकीचे टवके उडवतं.

टाइल आधी सरळ कापून अचूक मापात आणा. मग फोमच्या शीटवर, चेहरा वर करून ठेवा. घासायची कड टेबलाबाहेर दोन बोटं काढा. चेहऱ्यावर कडेलगत मास्किंग टेप लावा आणि टेपवर, कडेपासून एक मिलिमीटर आत, बारीक रेष मारा. या रेषेला मी लक्ष्मणरेषा मानतो. ग्राइंडर तिरका धरून मागच्या बाजूचं अंग काढायचं आणि रेषेच्या बाहेरची ती मिलिमीटरभर कड सरळ, न घासलेली सोडायची. चकाकीच्या टोकापर्यंत घासून सुरी करायची नाही. सुरीसारखी कड हातात असतानाच तुटते, आणि तुटली नाही तर पुढे कुणाला तरी कापते.

एका झटक्यात पूर्ण खोलीवर जाऊ नका. पहिल्या फेरीत जाडसर अंग काढा. दुसऱ्या फेरीत कोन नीट करा. तिसरी फेरी हलकी, रेषेजवळची. कोन ४५ पेक्षा किंचित जास्त, ४६-४७ अंश ठेवा, म्हणजे मागून थोडं अधिक काढा. दोन टाइल भिडतात तेव्हा पुढच्या कडा आधी जुळतात आणि मागे मसाल्याला जागा राहते. बरोबर ४५ धरलं आणि मागे एक खडा आला, तर पुढे सांधा उघडतो. शेवटी हाताने हिऱ्याचं पॅड, आधी दोनशे नंबर, मग चारशे, पाणी लावून एकाच दिशेने फिरवा. मागेपुढे घासलं की चकाकी उचलते.

बे विंडोचा, म्हणजे तिरक्या बाजूंनी भिंतीबाहेर आलेल्या खिडकीचा, कोपरा काटकोनाचा नसतो. १३५ अंशांच्या कोपऱ्यावर प्रत्येक टाइल सरळ कडेपासून फक्त साडेबावीस अंश तिरकी करायची. सवयीने ४५ मारलं तर मागे मोठी पोकळी होते आणि पुढची कड विनाकारण पातळ पडते.

जोडी आधी कोरडी लावून बघा. भिंतीला ॲडहेसिव्ह, टाइलच्या पाठीलाही पातळ हात. व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटच्या घोळाने धरत नाही, तिची पाठ पाणी ओढत नाही म्हणून. ॲडहेसिव्हच्या गोणीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि त्याखालचा टाइप वाचा आणि टाइलचा आकार सांगून योग्य टाइप मागा. पहिली टाइल बसवून पाणसळ लावा. दुसरी लावण्याआधी पहिलीच्या तिरक्या पाठीमागची पोकळी मसाल्याने गच्च भरा. कोपऱ्याचं खरं बळ याच त्रिकोणी पट्ट्यात असतं. पोकळ राहिलेला कोपरा बोटाने टिचकी मारली तरी कळतो, आणि पहिल्या धक्क्याला तिथूनच फुटतो. दुसरी टाइल लावली की दोघींमध्ये एक मिलिमीटरचा स्पेसर ठेवा आणि कोपरा मास्किंग टेपने आडवा बांधा. चोवीस तास हात लावू नका.

सांधा इपॉक्सी ग्राउटने भरा, टाइलच्या अंगाचा नव्हे, चेहऱ्याचा रंग जुळवून. रंग निवडताना थोडा नमुना टाकाऊ तुकड्यावर वाळवून बघा, ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. जास्तीचा इपॉक्सी घट्ट व्हायच्या आत पुसा. पूर्ण वाळल्यावर चारशे नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून कोपऱ्यावरून दोन-तीन हात मारा. धार मोडायची, एवढंच. मग डोळे मिटून तळहात वरून खाली फिरवा. तळहाताला काही टोचलं नाही की कोपरा तयार.

छोटा टवका उडाला असेल तर घाबरू नका. टाइलचीच पूड इपॉक्सीत मळून, रंग जुळवून भरा, वर टेप दाबा, वाळल्यावर घासा. तांदळाच्या दाण्याएवढा टवका असा झाकला जातो. त्याहून मोठा असेल तर टाइल बदलायला सांगा, तेवढा आग्रह धरायचा तुम्हाला हक्क आहे.

ग्रॅनाइटची पट्टी

खिडकीसाठी मी आजही हीच सुचवतो. ग्रॅनाइट साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाड असतं, त्याची कड दुकानातच घोळ मारून (गोल घासून), पॉलिश करून मिळते. काळं ग्रॅनाइट सगळ्या रंगांच्या टाइलला चालतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सिल, म्हणजे खिडकीखालची आडवी पट्टी, बसवा, बाथरूमच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतार ठेवून. मग दोन बाजूच्या उभ्या पट्ट्या सिलवर उभ्या करा आणि शेवटी वरची. या पट्ट्या भिंतीच्या प्लास्टरबाहेर काढायच्या: टाइलची जाडी, मसाल्याची जाडी आणि वर तीन मिलिमीटर. म्हणजे आपल्या ९ मिलिमीटरच्या टाइलला १६ मिलिमीटर बाहेर. भिंतीची टाइल नंतर येऊन ग्रॅनाइटला भिडते, तिची कापलेली कड त्या तीन मिलिमीटरच्या आडोशाला जाते आणि दिसतो फक्त ग्रॅनाइटचा गोल घोळ. ग्राइंडरचं नाजूक काम काहीच उरत नाही. बाहेर काढायचं माप विसरून पट्टी प्लास्टरशी सपाट बसवली, तर टाइल ग्रॅनाइटच्या वर येते आणि तिची कड उघडीच राहते. हे मी बऱ्याच साइटवर पाहिलं आहे, आणि तेव्हा ग्रॅनाइट उखडण्यावाचून इलाज नसतो.

जिन्याच्या पायरीलाही ग्रॅनाइटच. पायरीची कड टाइल घासून जोडू नका, पावलांच्या वजनाखाली ती टिकत नाही.

मजुरी आणि देखरेख

पट्टी आणि घासणं, दोन्हींची मजुरी रनिंग फुटावर (लांबीच्या दर फुटाला) वेगळी लागते. भाव ठरवताना बाहेरच्या कोपऱ्यांची एकूण लांबी मोजून कागदावर लिहा. कोनाड्याच्या चारही कडा त्यात धरा, त्या नेहमी विसरल्या जातात. आणि भाव ठरण्याआधी कारिगराकडून दोन टाकाऊ तुकड्यांचा एक फूटभर कोपरा जमिनीवर करून घ्या. चांगला कारागीर आनंदाने करतो. नमुना जपून ठेवा, पुढचं काम त्याच्याशी ताडून पाहता येतं. टाइल मागवताना कोपऱ्यांसाठी चार-पाच जास्त धरा. घासताना काही फुटणारच, आणि नंतर त्याच छटेचा डबा मिळेलच असं नाही.

कोपरा झाला की खोक्याचा पुठ्ठा घडी घालून त्यावर टेपने बांधा. टाइलनंतर प्लंबर, सुतार, रंगारी येतात, शिड्या टेकवल्या जातात. ताबा घेईपर्यंत पुठ्ठा राहू द्या आणि पट्टीवरचं प्लास्टिकही त्याच दिवशी काढा.

आईच्या बाथरूममधला कोपरा मी उखडला नाही. चारशे नंबरचं पॅड, मग भरलेले टवके, मग वरून पुन्हा पॅड, असा एका दुपारचा उद्योग झाला. त्यावर पाव गोलाची पीव्हीसी पट्टी सिलिकॉनने चिकटवली, जमिनीपासून पाच फुटांपर्यंत. पट्टी टाइलच्या वर बसल्यामुळे दीड मिलिमीटर उठून दिसते. आईने त्यावर हात फिरवून पाहिला आणि टॉवेलचा हुक होता तिथेच राहू दे म्हणाली.